ज्याची आवणी आधी

नाशिकहून जव्हार साधारण ऐंशी किलोमीटर आहे. त्रेपन्न वर्षांच्या माणसाने हातात वळकटी घेऊन विद्यार्थी म्हणून जायचं असेल, तर अंतर थोडं जास्त धरावं.

मी एका बांधकाम ठेकेदाराकडे अंदाजपत्रकं करायचो. भिंतीला विटा किती, स्लॅबला लोखंड किती, हे सांगण्यात उमर गेली. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेल्यावर चर्चचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, व्हायची जुनी इच्छा पुन्हा वर आली, आणि पाळक घडवणाऱ्या जव्हारच्या एका छोट्या सेमिनरीने मला प्रवेश दिला. मात्र एक अट होती. विवाहित विद्यार्थ्याचा पहिला महिना तात्पुरता. महिन्याच्या शेवटी त्याच्या बायकोने येऊन सगळं डोळ्यांनी पाहायचं आणि प्राचार्यांना सांगायचं, इथे राहायला येणार की नाही. ती नाही म्हणाली तर नवऱ्याने राग न धरता घरी परत जायचं.

माझ्या पत्नीने, सुलभाने, ही अट दोनदा वाचली आणि म्हणाली, "देवाचं पाचारण तुम्हाला झालंय. मी काय सामानात येऊ?"

ती बावीस वर्षं आमच्या चर्चमध्ये रविवारची शाळा घेते. तिच्या वर्गातली मुलं रडत येतात आणि हसत जातात, माझ्या प्रार्थनेत मोठी माणसंसुद्धा पेंगतात. तेव्हा मी वळकटी बांधली आणि निघालो. तिने डबा दिला, शब्द दिला नाही.

तोरंगणचा घाट

त्र्यंबकच्या पुढे रस्ता उतरायला लागतो, धुकं खिडकीतून आत येतं आणि गाडीत कोणी कोणाला दिसेनासं होतं. माझ्या शेजारी मोखाड्याला जाणारे एक गृहस्थ दोन कोंबड्या मांडीवर घेऊन बसले होते.

"कठं?" त्यांनी विचारलं.

"जव्हारला. शिकायला."

"पोराच्या शाळंत?"

"नाही, माझ्याच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कोंबड्यांकडे पाहिलं आणि कोंबड्यांचे पाय घट्ट धरले. मोखाड्याला उतरताना मात्र वळून म्हणाले, "शिक, बाबा. नाय आला तर आमच्याकडं ये, कामाला माणूस लागतंच."

त्यानंतर जव्हारपर्यंत मी एकटाच हसत होतो. लग्नाच्या वरातीत घोड्यावर बसवलं होतं, तेव्हाही पोटात इतक्या गुदगुल्या झाल्या नव्हत्या.

जव्हार

जव्हारला गेलेला माणूस राजवाडा पाहतो आणि येऊन त्याविषयी लिहितो. मी राजवाडा पाहिला नाही. पहिल्याच संध्याकाळी मला भांडी घासायला लावलं.

सेमिनरी म्हणजे गावाच्या कडेला दोन कौलारू इमारती, एक प्रार्थनाघर, एक स्वयंपाकघर आणि पन्नासेक माणसं. खोलीतले माझे तिन्ही सोबती विशीतले. त्यांचा पहिला प्रश्न होता, "काका, तुम्ही घोरता का?" घोरण्याचं प्रमाण पत्नीने कधी आकड्यांत सांगितलेलं नाही, असं मी प्रामाणिकपणे सांगितलं.

पण "काका" हा शब्द तेवढ्याच संध्याकाळपुरता टिकला, कारण विद्यार्थ्यांमध्ये इथला नियम वेगळा आहे. इथे वय धरत नाहीत. जो आधी आला तो दादा, जी आधी आली ती ताई. मोठ्याने धाकट्याला नावाने हाक मारायची आणि अरे-तुरे करायचं. धाकट्याने अहो-जाहो करायचं. पाच मुलांचा बाप असो की कालचा बारावी पास, यात सवलत नाही. म्हणजे बाहेरचा मान फाटकाबाहेर राहतो. आमच्या घराकडे थोरल्याच्या पाया पडायचं म्हणजे आधी जन्मसाल पाहतात. इथे प्रवेशाचं साल पाहतात.

माझ्यावर नेमलेली ज्येष्ठ विद्यार्थिनी होती रंजनाताई. वय बावीस, गाव मोखाडा तालुक्यात, आवाज असा की घंटा वाजवायची गरज पडू नये.

"प्रभाकर, ताट उचल," ती म्हणाली.

"हो, ताई," मी म्हणालो, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी शेजारच्या दोघांचीही ताटं उचलली. माझ्या मुलीपेक्षा लहान पोरगी मला प्रभाकर म्हणत होती. आई गेल्यापासून मला नुसतं प्रभाकर कोणी म्हटलंच नव्हतं.

दुसरा नियम समजायला मला वेळ लागला. एकाच वर्गातली मुलं एकमेकांत लहान-मोठी कशी ठरवतात? तर आवणीवरून. आवणी म्हणजे भाताची लावणी. इथली निम्मी मुलं शेतकऱ्यांच्या घरची. घरची आवणी झाल्याशिवाय ती येत नाहीत. म्हणून सेमिनरीने कधीतरी ठरवून टाकलं की नवीन वर्ष आवणीपासूनच मोजायचं. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला थोडे दिवस एखाद्या गावात, एखाद्या घरी पाठवतात. तिथे उपदेश करायचा नाही. कोणी विचारलं तर सांगायचं, नाहीतर तोंड बंद आणि हात चालू. ज्या दिवशी त्याने लावलेलं भात चिखलात उभं राहिलं, त्या दिवशी त्याचं वर्ष सुरू. ज्याची आवणी आधी, तो वर्गात मोठा.

"आणि उभं नाही राहिलं तर?" मी विचारलं.

"परत लावायचं," रंजनाताई म्हणाली. "दिवस दुसरा धरतात."

आवणीला जाण्याआधी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला प्रार्थनाघरात थोडा वेळ बोलावं लागतं. विषय आपला आपण निवडायचा. मी नोहाचं तारू घेतलं, कारण त्याची मापं दिलेली आहेत. लांबी तीनशे हात, रुंदी पन्नास, उंची तीस. हाताला दीड फूट आणि ब्रासला शंभर घनफूट धरले, की घनफळ पंधरा हजार एकशे साडेसत्त्याऐंशी ब्रास येतं. वाळूच्या हिशेबाने सुमारे अडतीसशे डंपर. मी हे सगळं फळ्यावर मांडलं. एवढ्या बांधकामाला एकच दरवाजा दिलेला आहे, ही बाबही नजरेस आणून दिली.

मागच्या बाकावरून कोणीतरी हुंकारासारखा आवाज काढला, मग एकेक बाक हसायला लागला. मीही हसलो. प्रार्थनाघरात हसायला परवानगी आहे हे मला नवीन होतं.

आमचे प्राचार्य जामसरचे, भातशेतीच्या घरातले. ते हसले नाहीत. चष्मा पुसत त्यांनी विचारलं, "नोहाची बायको तारवात यायला तयार होती का, याचा काही अंदाज काढलात?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. माझी अट सगळ्यांना ठाऊक होती.

"तो आकडा दिलेला नाही, सर," मी म्हणालो.

"दिलेला नाही, म्हणूनच विचारतोय," ते म्हणाले आणि खाली बसले.

त्या रात्री मी सुलभाला फोन केला. तारवाचं घनफळ तिने शांतपणे ऐकून घेतलं. प्राचार्यांचा प्रश्न मी सांगितला नाही.

माझ्या आवणीसाठी ठरलेल्या पोशेरा गावाला निघण्याआधी बाजारात हनीफभाईंच्या दुकानात गमबूट घ्यायला गेलो. तीन पिढ्यांचं दुकान. छत्र्या, ताडपत्र्या, दोर, कंदील, सगळं छतापर्यंत.

"शेतात घालायला? नका घेऊ, साहेब," हनीफभाई म्हणाले. "चिखलात बूट राहतो, माणूस वर येतो."

"माझ्या पायाला काही झालं तर?"

"तुमच्या पायाला काही होत नाही. बुटाची काळजी वाटते मला."

मी बूट घेतले. शिवाय पंचवीस मीटर नायलॉनची सुतळी घेतली. सुतळी कशाला, हे त्यांनी विचारलं नाही, म्हणून मीही सांगितलं नाही.

पोशेरा

पोशेऱ्यात काशिनाथभाऊंचं घर टेकडीच्या उतारावर आहे. खाली भाताची खाचरं, वर नाचणी, आणि मध्ये कुडाचं घर. घरात भाऊ, त्यांच्या पत्नी भागीबाई आणि दोन सुना. दरवर्षी सेमिनरीचा एखादा नवा त्यांच्याकडे येतो. कोपऱ्यात त्यांचे देव आहेत, पुढे तांदळाचे दाणे वाहिलेले. त्यांच्या देवांबद्दल मी बोलायचं नाही आणि माझ्या देवाबद्दल विचारायला ते मोकळे, असा तिथला रिवाज. मला तो फार आवडला. नाशिकला आम्ही याच्या उलट वागतो.

पहिल्या जेवणाला नाचणीची भाकरी, उडदाचं दाट वरण आणि खेकडे. खेकडे ओढ्यातून सकाळीच धरलेले, मिरची-मिठात परतलेले. पहिल्या नांगीवर मी इतका जोर लावला, की ती चुलीपलीकडे बसलेल्या धाकट्या सुनेच्या ओच्यात जाऊन पडली.

"यांचा खेकडा मेल्यावरबी पळतो," भागीबाई म्हणाल्या, आणि माझ्या ताटात दुसरा टाकला.

जेवण झाल्यावर काशिनाथभाऊंनी विचारलं, "तुमच्या पुस्तकात भात हाय का?"

"गहू आहे, जव आहे. भात नाही."

"मंग तथली माणसं जेवत काय?"

मी भाकरीबद्दल सांगितलं. मग त्यांनी शेतीची गोष्ट विचारली, तर मी पेरणाऱ्याची सांगितली: थोडं बी वाटेवर पडलं, थोडं खडकावर, थोडं काट्यांत आणि थोडं चांगल्या जमिनीत. भाऊ मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "राब नाय केला त्यानं?"

राब म्हणजे आधी पालापाचोळा जाळून भाजलेल्या जमिनीत बी टाकायचं, रोप वर आलं की उपटून खाचरात लावायचं. मी म्हटलं, नाही केला.

"मंग वाटंवर पडंल नाय तर काय. पण माणूस दिलदार दिसतो. एवढा बी हाय त्याच्याकडं."

अनेक वर्षं मी या दृष्टांतावर प्रवचनं ऐकली आहेत. पेरणाऱ्याची अशी बाजू कोणी घेतलेली आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मला एक छोटं खाचर दिलं. माझ्यावर देखरेखीला आलेली रंजनाताई वरच्या बांधावर होती. खाचरात उतरलो आणि चौथ्या पावलाला डावा बूट चिखलात राहिला, माणूस वर आला. हनीफभाईंची आठवण काढत मी दुसरा बूटही काढून बांधावर ठेवला. मग सुतळी काढली. दोन टोकांना काठ्या रोवल्या, सुतळी ताणली, आणि नऊ-नऊ इंचांवर रोप लावायला सुरुवात केली. ओळ न् ओळ सरळ. काटकोनात पाहिलं तरी सरळ, तिरकं पाहिलं तरी सरळ. शेजारच्या खाचरात बायका वाकून, बोलत, हसत मागे मागे सरकत होत्या आणि त्यांचं हिरवं नुसतं पसरत होतं. तेवढ्यात माझ्या तीन ओळी झाल्या.

"खोल लाव, खोल," भागीबाई ओरडल्या.

मी मान हलवली. पण खोल लावलं की रोप वाकडं होत होतं, आणि माझी ओळ बिघडत होती. म्हणून मी अलगदच टेकवत गेलो. दुपार टळली तेव्हा माझं खाचर शाळेच्या वहीसारखं दिसत होतं. काशिनाथभाऊ बांधावर येऊन बघत राहिले.

"लय ग्वाड दिसतंय," ते म्हणाले. त्यांनी "चांगलं लागलंय" म्हटलं नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

तेवढ्यात वरच्या रस्त्यावर एसटी थांबली आणि एक बाई उतरली. छत्री, कापडी पिशवी, चालण्याची ढब ओळखीची. ती सुलभा होती. महिना संपायला अजून अवकाश होता. ती मला न कळवता निघाली होती, आणि मी पोशेऱ्याला आवणीला गेलोय हे तिला सेमिनरीत फोन केल्यावर कळलं होतं, म्हणून परस्पर पोशेऱ्याला उतरली.

गुडघ्यापर्यंत चिखल, कपाळावर चिखल, एक बूट बांधावर, एक अजून जमिनीत. ज्या बाईने इथे राहायचं की नाही हे ठरवायचं होतं, तिला मी हे दाखवत होतो.

सुलभाने आधी मला पाहिलं, मग माझ्या खाचराकडे पाहिलं.

"सुतळी लावलीत?" तिने विचारलं.

"ओळ नको का?"

"भाताला?" एवढंच बोलून तिने पिशवी रंजनाताईच्या हातात दिली, चपला काढल्या, पदर खोचला, आणि शेजारच्या खाचरात उतरली.

आता हे सांगायला हवं. सुलभाचं माहेर घोटीकडचं. भाताचा मुलूख. लग्नाच्या वेळी "वडिलांची शेती आहे" असं मला सांगितलं होतं, आणि मी ती माहिती म्हणून ठेवली होती. ती खाचरात कधी उतरली असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. भागीबाईंनी तिच्या हातात रोपांची जुडी दिली. तिने अंगठ्याने जुडी फोडली, वाकली, आणि तिचा हात चालायला लागला. बोटं चिखलात बुडत, बाहेर येत. दोन्ही सुना तिला मागे टाकायला धावल्या, तर तीही धावली. मागे मागे धावणं मी आयुष्यात प्रथम पाहिलं. थोरली सून म्हणाली, "बाई, तुझा नवरा माप घेतो, तू काम घे." त्यावर सुलभा इतकी हसली की मागे चिखलात बसली, आणि बसल्या बसल्या पुढची दोन रोपं लावून मग उठली.

तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. बांधावर उभा राहून पाहत राहिलो. नाशिकच्या दोन खोल्यांत हे हसू कुठे ठेवलं होतं तिने, हे मला कळेना.

रात्रभर पाऊस कोसळला. सकाळी धाकटी सून पळत आली आणि माझा हात धरून मला खाली घेऊन गेली. माझं खाचर रिकामं होतं. पाणी चढलं होतं, आणि माझं सगळं भात, एकूण एक रोप, मुळांसकट वर येऊन तरंगत पाणी बाहेर काढायच्या तोंडाशी एका कोपऱ्यात गोळा झालं होतं. मधोमध सुतळी ताठ उभी होती. तिच्यावर एक बेडूक बसला होता.

शेजारी सुलभाचं खाचर होतं. वेडंवाकडं, दाट, आणि जागच्या जागी उभं.

काशिनाथभाऊ आले, भागीबाई आल्या, रंजनाताई आली. कोणी हसू नये म्हणून सगळे माझ्याकडे न बघता बेडकाकडे बघत होते. मग सुलभा आली. तिने कोपऱ्यातला ढीग पाहिला.

"तारू निघालं तुमचं," ती म्हणाली.

मग मात्र कोणालाच धरवलं नाही. मी स्वतः बांधावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. त्यानंतर दिवसभर मी तीच रोपं पुन्हा लावली, सुतळीशिवाय, आणि सुलभा बांधावरून ओरडत राहिली, "दोन बोटं आत. अजून आत. ओळ बघू नका."

मधेच भागीबाई तिच्याशेजारी येऊन बसल्या. मला वाऱ्यावर तुटक ऐकू आलं.

"तू येणार का मंग जव्हारला?"

"बघते."

"अजून काय बघायचं ऱ्हायलं?"

सुलभा माझ्याकडे बघून ओरडली, "अजून आत!" मी दोन बोटं आत लावत राहिलो.

पुन्हा जव्हार

तिने पुढचे दोन दिवस सेमिनरीत काढले. मी तिच्यामागे फिरत नव्हतो, कारण नियम तसा आहे. ती स्वयंपाकघरात दिसे, वर्गाच्या मागच्या बाकावर दिसे. एकदा विवाहित विद्यार्थ्यांच्या खोल्यांपुढच्या ओसरीवर बायकांमध्ये बसलेली दिसली. तिथे नवरे वर्गात असताना बायका भाजी निवडत बसतात. त्या दिवशी तिचा चेहरा पाहून मी मनातल्या मनात नाशिकचं तिकीट काढलं.

शेवटच्या सकाळी प्राचार्यांच्या खोलीत आम्ही तिघे आणि साक्षीला रंजनाताई.

"बाई, दबाव नाही," प्राचार्य म्हणाले. "नाही म्हणालात तर आम्ही प्रभाकरला चहा पाजून गाडीत बसवू."

सुलभाने पदर सारखा केला. "सर, मी इथे भाजी निवडायला येणार नाही."

मी भिंतीवरच्या घड्याळात नाशिकच्या गाडीची वेळ पाहिली.

"सामानातही येणार नाही," ती म्हणाली. "वर्गात जागा असेल तर येते. माझं बारावी झालंय. दोन दिवस मागे बसले, तर सरांनी विचारलेल्या तीन प्रश्नांची उत्तरं मला येत होती. ह्यांना एकाचं."

"दोनांची," मी म्हणालो.

"एकाचं," रंजनाताई म्हणाली.

प्राचार्यांनी चष्मा काढला आणि आता मात्र ते हसले. नव्या मुलांची आवणी अजून चालू होती, म्हणजे त्यांच्या हिशेबाने प्रवेश बंद झालेले नव्हते. त्यांनी कपाटातून प्रवेशाचा कागद काढला. मी खुर्चीत होतो की वर कुठे, हे मला नीट सांगता येणार नाही.

मग रंजनाताईने घसा साफ केला.

"सर, एक अडचण हाय. दोघं एकाच वर्गात. मोठं कोण?"

"ज्याची आवणी आधी तो," प्राचार्य म्हणाले. "प्रभाकर आधी उतरला ना चिखलात?"

"उतरला आधी. पण त्याचं भात तरंगलं. दुसऱ्या दिवशी परत लावलं. बाईंचं पहिल्या दिवशीचंच उभं हाय."

मी हिशेब पुन्हा केला. त्यात चूक नव्हती.

"म्हणजे ह्याने बाईंना ताई म्हणायला लागेल," रंजनाताई म्हणाली.

"ते मला चालणार नाही," सुलभा म्हणाली.

"मलाही नाही," मी म्हणालो. बऱ्याच दिवसांत आमचं इतकं एकमत झालं नव्हतं.

प्राचार्यांनी चष्मा परत चढवला. "ताई म्हणू नका," शेवटी त्यांनी निर्णय दिला. "पण आदर सुटणार नाही. प्रभाकर, तुम्ही यांना अहो म्हणायचं. अहो-जाहो करायचं."

"आणि मी?" सुलभाने विचारलं.

"तुम्ही मोठ्या आहात. तुम्हाला मोकळीक आहे."

नाशिक

घर आवरायला म्हणून आम्ही थोड्या दिवसांसाठी परत आलो आहोत. हे लिहितोय ते अर्ध्या बांधलेल्या खोक्यांमध्ये बसून. खोकी सुलभाने भरली आहेत. माझ्या हिशेबाने जितकी लागायला हवी होती त्यापेक्षा तीन कमी लागली. सुतळी पोशेऱ्यालाच राहिली. काशिनाथभाऊ म्हणाले, तीवर मिरच्या वाळवू.

येताना घाटात मी सराव करायचा ठरवलं होतं, पण गाडीत माणसं होती आणि धीर झाला नाही. लग्नाला सव्वीस वर्षं झाली. या सगळ्या काळात मी तिला अगं म्हणत आलो आणि ती मला अहो. तिने माझं नाव कधी घेतलं असेल तर ते उखाण्यात, तेही माझ्या आईने बळजबरी केली म्हणून.

आज सकाळी ती आतल्या खोलीत चादरी घड्या करत होती. मी दारात उभा राहिलो.

"अहो," मी म्हणालो.

ती वळली नाही. बाहेर कोणी आलंय असं वाटून तिने खिडकीकडे पाहिलं.

"अहो, ऐकलंत का? चहा टाकतोय. घ्याल ना तुम्ही?"

तिच्या हातातली चादर तशीच राहिली. ती हळूच माझ्याकडे वळली. कानापर्यंत लाल झाली होती, आणि तोंडाच्या कोपऱ्यात ते खाचरातलं हसू होतं.

"टाक, प्रभाकर," ती म्हणाली. "साखर कमी घाल."